एका दमात तीन भाग

"थांबा, थांबा! नारळ कुठंय? आरं, फेटेवाल्याला वर धाडा!"

अणदूरच्या मंडपात आमच्या चेलोवालीचे वडील माइकवर असे ओरडले, की जळकोटच्या ढाब्यावर जेवणाऱ्यांचा घास हातातच राहिला असणार. आमच्या रचनेचा पहिला भाग नुकताच संपला होता. चारांपैकी पहिला. भाग संपला की वादकांनी क्षणभर थांबायचं, ही युरोपातली रीत. आमच्याकडची रीत अशी, की वाद्य थांबलं रे थांबलं की सत्कार.

आम्ही चौघं: दोन व्हायोलिनं, व्हायोलिनचा जाड आवाजाचा भाऊ असा माझा व्हायोला आणि तिचा चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन. एसटीत आम्ही त्याला खिडकीची जागा देतो. तेरच्या गाडीत एका म्हातारीनं त्याला "पाव्हणं, जरा सरका" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. लग्नं, बारशी, गॅदरिंग, म्हशींचं प्रदर्शन, सगळीकडं आम्ही वाजवलं. परदेशी उस्तादांचं जुनं आणि आम्हीच रचलेलं नवंही. पण एकही रचना कुणी शेवटापर्यंत वाजवू दिली नव्हती. म्हणून तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनी, बजावलं होतं, "आमच्या गावात एक तरी अख्खं वाजवून दाखवा. न्हाय जमलं, तर पोरगी उद्यापासनं घरी." चेलो गेला की मागं उरतं ते तिघांचं रडगाणं.

आणि आता मधे तोडायला उभे कोण, तर काकाच!

"काका, संपलं न्हाय अजून," मी दबक्या आवाजात म्हणालो. "तीन भाग राहिलेत."

"मग थांबलात कशाला?" म्हणत त्यांनी फेटेवाल्याला माझ्याच अंगावर सोडलं.

चेलोवालीनं आमच्याकडं पाहिलं, गज उचलला आणि दुसरा भाग सुरू केला. आम्ही तिच्यामागं तुटून पडलो. मी डावीकडं झुकलो की फेटेवाला डावीकडं, उजवीकडं झुकलो की उजवीकडं. तो फेटा सात कोसांचा असावा. बांधून होईस्तोवर मी म्हातारा झालो. कुणीतरी चेलोच्या मानेत हार घातला, तिनं तो कोपरानं उडवला. दुसरा संपला तसा तिसरा, तिसऱ्याच्या शेपटाला धरून चौथा. मधे श्वाससुद्धा घेतला नाही. थांबलो की मेलो! नारळ घेऊन रांगेत उभे असलेले पुढारी शेवटी पाय दुखून स्टेजवरच बसले. बसले, म्हणजे ऐकणं आलंच.

शेवटचा सूर विरला.

मी घाम पुसत काकांपुढं गेलो. "अख्खं झालं, काका. आता पोरगी राहू द्यायची ना आमच्यात?"

"राहू द्या," काका म्हणाले. "घरी तरी काय करणार हाय?"