गोगलगायीच्या पोटात

आमच्या गायीच्या जबड्याखाली पाणी साचलं नि तिनं चारा सोडला, तेव्हा ही काही वाचत नाही, असं सगळे म्हणाले. मग शिंदखेड्याहून जंतांचा अभ्यास करणाऱ्या, केस पिकलेल्या एक डॉक्टरीणबाई आल्या. शेण निरखून म्हणाल्या, "अक्का, ही पाणी कुठं पिते?"

मी दाखवलं, तर साडी खोचून त्या थेट डबक्यातच उतरल्या. चहाच्या गाळणीत त्यांनी एक गोगलगाय धरली.

"ही गरीब काय करणार?" मी हसले.

"गोगलगाय नि पोटात पाय म्हणता ना? पाय नाही अक्का, जंतांची पिल्लं आहेत. तीच बाहेर पडून गवताला चिकटतात, गाय ते गवत खाते."

औषधानं गाय उठली. पण माझे हात जोडले गेले ते त्याआधीच, डबक्याकाठी. गोगलगाय ओल्या पानावर ठेवत बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझा काय दोष गं, तूही आजारीच."