साहेबांच्या तळ्याचं पाणी

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा नळीताई एका दवाखान्याच्या आवारातल्या कारंज्याचं शेवाळ खरवडत होती.

"ताई, मासे सगळे वर आलेत. तोंडं उघडून नुसते आ आ करताहेत. दोन तर उलटे तरंगताहेत!"

"खायला काही घालू नका. पंप चालू आहे ना? मी निघालेच," म्हणत तिने ओल्या हातांनीच स्कूटर काढली.

नळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं होती. हातात सदा काचेची नळी, म्हणून तिथल्या लोकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. लागली होती बाटल्या धुवायला. पण तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञांनी, म्हणजे साहेबांनी, तिची नजर हेरली आणि तिला पाणी तपासायला शिकवलं. माणूस कडक. एखादा आकडा अंदाजाने लिहिला तर दिवसभर बोलायचे नाहीत. पुढे ते निवृत्त झाले, प्रयोगशाळा दुसऱ्या गावी हलली, आणि ताईने लोकांच्या बागांमधली माशांची तळी सांभाळायचं काम धरलं. पहिलं तळं साहेबांचंच. गेली सहा वर्षं दर शुक्रवारी ती तिथे जायची, आणि इतक्या वर्षांत त्या पाण्याने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

फाटक ढकलून ती आत गेली तर साहेबांचा मुलगा तळ्याच्या काठावर उभा. दातांचा डॉक्टर, वहिनींचा नवरा; ताई त्याला दादा म्हणायची. दवाखान्यात जायचे कपडे अंगावर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि हातात नळाचा पाइप. पाणी धो धो तळ्यात पडत होतं. ताईने हातातली पेटी गवतावर टाकली, धावत जाऊन आधी नळ बंद केला.

"अहो, काय करताय?" दादा ओरडला. "सगळं पाणी काढून नवं भरतोय मी!"

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं दादा. आपल्याला चालतं, त्यांचे कल्ले भाजतात. आणि सगळं पाणी एकदम बदललंत तर उरलेलेही हातचे जातील."

"मग तुम्ही दर आठवड्याला येऊन करता काय? देखभाल तुमची ना? बाबांचा जीव आहे या माशांत!"

ताईने आधी तळ्यात नजर टाकली. चौदा मासे होते. दोन गेलेले. बाकीचे तळ्यातल्या छोट्या धबधब्याच्या धारेखाली गर्दी करून हवा गिळत होते. सगळ्यात मोठी, पांढऱ्या अंगावर केशरी डागांची मासळी एका कुशीवर कलली होती. आभाळ भरून आलेलं, पान हलत नव्हतं. अशा कोंदट दिवशी पाण्यात हवा आधीच कमी, त्यात हे.

तिने जास्तीचा हवेचा पंप सोडला आणि नळीत पाणी घेतलं. औषधाचे थेंब मोजून टाकले, नळी हलवून काठावर ठेवली. पाच मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात तिने गाळणीच्या पिंपाचं झाकण काढलं आणि तिच्या नाकात आंबूस वास घुसला. स्पंजवर माशांच्या खाण्याच्या फुगलेल्या दाण्यांचा लगदा बसला होता. मुठीच्या मुठी. खाण्याचा डबा तिने शुक्रवारी गळ्यापर्यंत भरून ठेवला होता, महिनाभर पुरेल असा. शेडमध्ये जाऊन तिने तो उघडला. तळाशी नुसता चुरा.

चार दिवसांत.

ती डबा घेऊन परत आली तेव्हा नळीतलं पाणी गर्द हिरवं झालं होतं. पिवळं राहायला हवं होतं. म्हणजे अमोनिया, कुजल्या खाण्याचं विष, तोही इतका की तक्त्यावरचा शेवटचा रंगही त्यापुढे फिका. गाळणीतले जे सूक्ष्म जीव माशांची घाण पचवतात, त्यांच्या आवाक्याबाहेर सगळं गेलं होतं.

"कोण टाकतं इतकं खाणं?" दादाने काठावर आलेल्या वहिनींकडे पाहिलं. "माळी?"

"माळी रजेवर आहे," वहिनी म्हणाल्या आणि पदराशी चाळा करू लागल्या.

व्हरांड्यातून साहेब उतरून आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. ताईच्या हातातली नळी त्यांनी न विचारता घेतली, पांढऱ्या कागदासमोर धरली आणि क्षणभरात म्हणाले, "चारच्या वर. अमोनिया. गाळणी तुंबलीय आणि कुणीतरी खायला घालून घालून पाण्याची वाट लावलीय. कोण आहे हा शहाणा? शोधून काढा त्याला."

अचूक निदान. ताईला पूर्वीची प्रयोगशाळा आठवली. ती काही बोलणार एवढ्यात साहेब तळ्याकडे वळले. "बिचारे उपाशी दिसताहेत. सकाळपासून कुणी बघितलेलं नाही यांच्याकडे." त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर दाणे बाहेर काढले.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींनी मान खाली घातली. साहेबांचा हात पाण्यावर गेला होता. "बाबा!" म्हणून दादा पुढे झाला असता, आणि मग सगळ्यांसमोर जे बोलायला नको ते बोललं गेलं असतं. ताई त्याच्या आधी बोलली.

"साहेब, नमुना घ्यायचाय अजून. आत्ता काही टाकलं तर नमुना खराब होईल."

हात थांबला. "बरोबर," साहेब म्हणाले. दाणे परत खिशात गेले. मग त्यांनी भुवया आवळल्या. "पण मी विचारलं त्याचं काय? कुणी केलं हे?"

पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत होते.

"माझ्याकडून झालं, साहेब," ताई म्हणाली. "जास्त पडलं."

साहेबांनी तिला झाडलं. उभं करून, जुन्या आवाजात, पाच-सात मिनिटं. पाण्याशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ, इतकी वर्षं शिकून हेच केलंस का, माझं नाव सांगतेस ना लोकांना? ताई मान खाली घालून ऐकत राहिली. एकोणीस वर्षांत हे असं बोलणं तिने एकदाही ओढवून घेतलं नव्हतं; ते आज घेतलं, आणि डोळ्यांत आलेलं पाणी साहेबांनी चुकीबद्दलचं समजावं म्हणून पुसलंही नाही. वहिनींनी त्यांना चहाच्या निमित्ताने आत नेलं.

मग कामाला तोंड फुटलं. थायोसल्फेटचे खडे पाण्यात विरघळवून तिने नळाचं क्लोरीन मारलं आणि तळ्यातलं एक तृतीयांश पाणी काढून तेवढंच, तेही बारीक धारेने, भरलं. स्पंज नळाखाली न धुता तळ्याच्याच पाण्याने बादलीत पिळले, नाहीतर उरलेले जीवही मेले असते. तळाचा गाळ उपसला. दादा दवाखान्यात फोन करून घरीच थांबला आणि सांगेल ते करत राहिला.

"तुला माहीत होतं?" त्याने बाहेर आलेल्या वहिनींना विचारलं.

"मी तुम्हाला दोनदा सांगितलं. बाबा जेवून उठले की पुन्हा पान मांडायला सांगतात म्हणून. तुम्ही म्हणालात, वय झालंय."

दादाने पुढची बादली उचलली. दुपारी ताईने पुन्हा नळी लावून पाणी तपासलं. हिरवा रंग जरा उतरला होता. पण कुशीवरची ती मोठी मासळी सावरेना. ताई गुडघाभर पाण्यात उतरली, दोन्ही हातांवर तिला धरून हवेच्या पंपाच्या बुडबुडे सोडणाऱ्या दगडापाशी पाऊण तास उभी राहिली. कल्ले हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. दोन वाजून गेल्यावर ते थांबले ते थांबलेच.

तिने तिला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि तशीच ठिबकत दादापाशी गेली.

"दादा, तळ्याचं मी बघेन. पण साहेबांना कुणाला तरी दाखवा. लवकर."

"तुम्ही पाण्याचं बघा ताई," तो तोडून म्हणाला. "घरचं आम्ही बघू."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. तरी ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. जाताना उरलेला चुरा डब्यासकट स्कूटरच्या डिकीत घातला आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता आली. तिसऱ्या दिवशीही. आणखी एक मासा गेला. चौदातले दहा राहिले. दादा समोरून जायचा, नुसती मान हलवायचा.

बाराव्या दिवशी तो काठावर तिच्या शेजारी येऊन बसला. "नेलं होतं बाबांना," तो म्हणाला. "विसरण्याचाच आजार आहे. सुरुवात आहे म्हणाले. औषधाने वेग कमी होईल, बरं होणार नाही." मग बराच वेळ तो गवत उपटत राहिला. "त्यांच्या खिशात रोज दाणे असायचे ताई. मी रोज त्यांच्यासमोरून जात होतो."

"मीही दर शुक्रवारी येत होते, दादा."

तेव्हापासून खाणं ताईच्या घरी राहतं. दर शुक्रवारी सात पुड्या करून ती वहिनींकडे देते. दुपारी एक पुडी साहेबांच्या हातात. त्यांनी पुन्हा मागितलं की वहिनी म्हणतात, पाण्याची तपासणी चालू आहे. ते बहुतेक वेळा ऐकतात. एकदा ऐकलं नाही, पुडीसाठी सगळी शेड उलथीपालथी केली आणि वहिनींना नको ते बोलले.

पाणी ताळ्यावर यायला पाच आठवडे लागले. दादा आता दुपारी घरी येतो आणि नळी स्वतः लावतो. दातांच्या छटा जुळवून त्याची नजर तयार आहे, ताईपेक्षाही बारीक रंग ओळखतो. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि थेंब मोजतात. परवा त्याने चारऐवजी पाच टाकले.

"ओत ते," साहेब म्हणाले. "पुन्हा कर."

दादाने नळी ओतली, धुतली आणि पुन्हा पाणी घेतलं.