एका पाट्याचे दोन वाटे

आमच्या घरचा पाटा परशा पेंटरनं फोडला नाही. मी फोडला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायचं तर मशीनपासून सांगावं लागेल.

बेळगावात उद्यमबागेत माझं लहानसं वर्कशॉप आहे. लेथवर लोखंड कापायचं, हा धंदा. एका सकाळी निपाणीकडचे भरमूअण्णा, माझं जुनं गिऱ्हाईक, रिक्षातून चक्क मसाला वाटायचा दगडी पाटा घेऊन उतरले.

"ह्याचं दोन तुकडं कर."

"पाट्याचं? अण्णा, बरं हाय न्हवं?"

"आई गेली. दोघी भैनी म्हणत्यात, पाटा मलाच. थोरलीची लेक बाळंतपणाला आलीया, धाकटीची सून बी दिवसात हाय. पाचवीला सटवी पुजायची ती आईच्याच पाट्यावर. दोघी बोलंनात झाल्यात रं."

"जमीन वाटून झाली व्हय?"

"जमीन कवाच वाटली. ह्यो दगुड अडलाय!"

पाथरवटानं अंग काढून घेतलं होतं. छिन्नीनं पाटा कुठून फुटेल, सांगता येत नाही. ग्रॅनाइटवाला एका पाट्यासाठी मशीन अडवायला तयार नव्हता. "आगंगिल्ल री", जमणार नाही, म्हणून मोकळा झाला. मी मात्र हो म्हणालो. दगड कापायचं मशीन माझ्याकडे नव्हतंच.

ते भंगारातून केलं. मागं एका जुन्या लेथचा बेड पडून होता. बेड म्हणजे सरळ रूळच. त्यावरून कॅरेज सरकते. तिच्यावर दगड बांधायचा. वर ग्राइंडरचा स्पिंडल, म्हणजे फिरता दांडा, बसवला आणि त्याला डायमंड ब्लेड. या ब्लेडला करवतीसारखे दात नसतात. कडेला हिऱ्याची पूड असते, ती दगड घासत आत जाते. मोटर कडबाकुट्टीची. पुलीवर अजून कडब्याची भुकटी होती.

ट्रायलला पाट्यासारखाच दगड हवा होता. घरी मिक्सर आल्यापासून बायकोचा, सुनंदाचा पाटा मागच्या दारी उभा असायचा. तिच्या माहेरचा, खानापूरचा. घरात रंगकाम चालू होतं, सगळं सामान अंगणात पडलेलं. कुणाला न विचारता मी तो उचलला.

लोखंड कापताना आम्ही कुलंट सोडतो. म्हणजे तेल मिसळलेलं, दुधासारखं दिसणारं पाणी. सवयीनं तेच सोडलं. कॅरेजचं हँडलही लोखंडाच्या सवयीनं जोरात फिरवलं. ब्लेड अडकलं, पाटा उसळला आणि तिरपा फुटला. तुकडा नाकाशी नेला. दगड तेल प्याला होता. त्यावर वाटलेली चटणी कुत्र्यानंही खाल्ली नसती.

संध्याकाळी सुनंदानं विचारलं, "पाटा कुठं गेला ओ?"

मी चहा पीत राहिलो.

"त्या परशानंच फोडून टाकला असंल कुठंतरी. शिडी आपटताना त्याला माणूस दिसत न्हाई, पाटा काय दिसतोय!"

परशानं देवाची शपथ घेतली. पण गोष्ट गल्लीभर झाली. त्यानंतर आमच्या गल्लीत त्याला रंगाचं काम कुणी दिलं नाही.

मशीन मात्र त्या फुटक्या पाट्यानं सुधारलं. टाकी धुऊन त्यात साधं पाणी भरलं. हँडल काढून टाकलं. कॅरेजला दोरी बांधून ती पुलीवरून खाली सोडली आणि टोकाला वजन टांगलं. आता वजन कॅरेजला ओढणार, आणि दगड कापू देईल तेवढीच ती सरकणार. हाताला घाई असते, वजनाला नसते.

कापायच्या दिवशी दोघी बहिणी आल्या. एक दारात बसली, एक ड्रिल मशीनजवळ. भरमूअण्णांचं म्हणणं, जाडीतून चिरावा, दोन पातळ पाटे होतील.

"मग वरला कुणाला?" थोरली म्हणाली. "आईचा हात तर वरच फिरलाय."

वाटून वाटून वरच्या अंगाला खळगा पडला होता, तिकडं सगळे बघत राहिले.

"मधनं काप, आडवा," धाकटी मला म्हणाली. "खळगा निम्मा निम्मा."

थोरलीनं मान हलवली.

मोटर सुरू केली. राखाडी चिखल वाहू लागला. वजन दिसेल न दिसेल असं खाली येत होतं. माझे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं कळत नव्हतं. शेवटी आवाज बदलला. कोपरा तुटू नये म्हणून वजन हातावर पेललं. ब्लेड अलगद बाहेर आलं आणि पाटा दोन झाला. कापलेली कड आरशासारखी! कुठं एक टवका नाही.

थोरलीनं आपला तुकडा नाकाशी धरला.

"मिरचीचा वास येतोय गं अजून!"

धाकटी उठून तिच्याकडं गेली. तिनंही वास घेतला. तिला ठसका लागला, की रडू आलं, माहीत नाही. "आता वाटणीत ठसकाबी निम्माच घे," अण्णा म्हणाले, आणि तिघंही हसले. मी मोटर बंद करायला विसरलो होतो.

दोन्ही घरी पाचवी त्या अर्ध्या अर्ध्या पाट्यांवर झाली. ते मशीन आज वर्कशॉपात मानाच्या जागी आहे. सदलग्यापासून लोक दगड घेऊन येतात, कॉलेजचे सर खडकांचे नमुने कापून नेतात. सगळ्यांना एकच सांगतो: दगडाला तेल पाजू नये, आणि त्याला ढकलू नये.

सुनंदाच्या पाट्याचे तुकडे अजून स्क्रॅपच्या ढिगाखाली आहेत. तिला मी एक पाटा देणं लागतो. परशाला त्याचं नाव, आणि तेही गल्लीत उभं राहून.