तळाचा वायसर

त्याला सगळे टेलिफोन म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि वाकून "हं... हं..." करत राहायचं, ही त्याची पद्धत. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय म्हणतंय?" तर म्हणाला, "तुमचीच तक्रार करतंय."

त्याचा दुसरा एक नियम मात्र लोकांना जाचायचा. मालक समोर उभा असल्याशिवाय तो इंजिन उघडत नसे. चिठ्ठी चालत नसे, ड्रायव्हर चालत नसे. या नियमाला चौदा वर्षं झाली होती.

चौदा वर्षांपूर्वी तो आणि त्याच्या बहिणीचा नवरा मिळून एक वर्कशॉप चालवत. एका पिठाच्या गिरणीचं इंजिन आलं. डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक चपटा वायसर असतो. इंजेक्टर काढला की जुना वायसर कधीकधी भोकाच्या तळाशी चिकटून राहतो. तो आकड्याने उकरून काढायचा, मगच नवा घालायचा. न बघता नवा घातला तर इंजेक्टर केसभर वर बसतो आणि डिझेलचा फवारा भलतीकडे पडतो. गिरणीच्या इंजिनात तेच झालं. आठवड्यात पिस्टनला भोक पडलं. जोडणी भाऊजींची होती. पण दुकानात हात दोघांचे होते आणि बोलणारं तोंड एकाचं.

"मेहुण्याचं लक्ष नसतं हल्ली," भाऊजींनी गिरणीवाल्याला सांगितलं. ताई शेजारीच उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने जमिनीकडे.

पुढच्या महिन्यात पाटीवरचे 'आणि मेहुणा' हे दोन शब्द रंगाखाली गेले. रंग पातळ होता. कडक उन्हात अक्षरं अजूनही वर यायची. ती बघायला तो मुद्दाम भर दुपारी त्या रस्त्याने जाई. राग त्याने हत्यारासारखा ठेवला होता, पुसून, तेल लावून, हाताला लागेल अशा जागी.

आणि आज सकाळी भाऊजी टेम्पोतून गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेऊन त्याच्या स्वतःच्या वर्कशॉपच्या दारात आले. जुनं वर्कशॉप कधीच बंद झालं होतं, पाटी तेवढी उरली होती. आता ताईची रोपवाटिका होती आणि भाऊजी तिथलं गवत कापत.

"चालतोय, पण लंगडतोय," भाऊजी म्हणाले. "पांढरा धूर. थरथरतो नुसता. फिल्टर बदलला, डिझेल बदललं, हवा काढली. महिना झाला."

"इंजेक्टर काढले होते?"

"हो, तिन्ही. नवे वायसर घातले."

टेलिफोनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मालक कोण?"

"म्हणजे? आपलाच आहे."

"कागदावर कोण?"

"तुझी ताई."

"मग तिला बोलवा. आम्ही मालकाशिवाय उघडत नाही. का ते तुम्हाला ठाऊक आहे."

तासाभराने ताई आली. हातांना माती होती. केस पांढरे झाले होते. "कसा आहेस?" तिने विचारलं. तो म्हणाला, "या बाजूला उभी राहा. इथून दिसेल."

त्याने इंजिन चालू केलं. पत्र्याचं बॉनेट थंडीने दात वाजावेत तसं खडखडत होतं. पहिल्या इंजेक्टरच्या नळीचा नट त्याने जरासा सैल केला, इंजिन अडखळलं. म्हणजे पहिला सिलेंडर काम करत होता. नट आवळला. तिसऱ्याचा सैल केला, पुन्हा अडखळलं. मग दुसऱ्याचा. इंजिनाला काहीच फरक पडला नाही. जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

"हा मेलाय," तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

इंजेक्टर बाहेर आला. मागोमाग एक वायसर आला, नवा, लालसर. भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धवट असतानाच टेलिफोनने सायकलच्या आऱ्याचा वाकवलेला आकडा भोकात घातला, तळ चाचपला आणि हिसका दिला. दुसरा वायसर निघाला. काळा, काजळी खाल्लेला.

दोन्ही त्याने ताईच्या मातकट तळहातावर ठेवले.

"हे काय आहे, भाऊजींना विचार."

"अरे, होतं एखाद्या वेळी..." भाऊजी म्हणाले.

"किती वेळा?"

टेम्पोकडे बघत भाऊजी म्हणाले, "गिरणीचंही माझंच होतं. झालं समाधान?"

हे वाक्य ऐकायला तो चौदा वर्षं थांबला होता. त्याने ताईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "यांना दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. तू कुठेही उभा राहिला असतास. राहिलास की."

एका माणसासाठी जपलेला राग आता दोघांना पुरवायचा होता. त्याने मनात मोजमाप घेतलं. पुरत होता.

दुसऱ्या सिलेंडरमध्ये नवा वायसर घालून त्याने इंजेक्टर बसवला. मग हात पुसले, आकडा भाऊजींच्या हातात दिला आणि दिवा ताईच्या.

"उरलेल्या दोन्हींचे तळ भाऊजी बघतील. तू उजेड धर."

"ते दोन्ही तर चालतायत!" ताई म्हणाली.

"गिरणीही चालत होती. आठवडाभर."

तो स्टुलावर बसला. भाऊजींनी वाकून पहिला इंजेक्टर काढला, आकडा आत घातला. ताईने दिवा भोकाजवळ नेला. आकडा तळाला न लागताच वर आला.

"काही नाही आत," भाऊजी म्हणाले.

"तळाला लागला नाही. मला इथून ऐकू येतं."

भाऊजींनी कपाळाचा घाम बाहीने पुसला. ताईने दिवा दुसऱ्या हातात घेतला, पण खाली ठेवला नाही.

"परत," टेलिफोन म्हणाला.