मेलेल्या खाडीतल्या निवट्या

आमच्या गेटवर मासळी विकणाऱ्या तळवली गावच्या मावशी बोलण्याआधी गाल फुगवतात. त्यांच्या टोपलीतल्या निवट्याही तशाच. खाडीच्या ज्या काळ्या चिखलात बाकी मासळी गुदमरते, तिथे हे बोटभर मासे गालांत पाणी धरून, ओल्या कातडीने श्वास घेत उड्या मारतात.

परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मावशींना गेटवरून उठवायला आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "खाडी कधीच मेलीय. हे मेलेलं इथे विकू नका."

मावशींनी गाल फुगवले आणि बोलण्याऐवजी टोपली त्यांच्या बुटांवर पालथी केली. निवट्या उड्या मारत लॉबीपर्यंत पोचल्या. सेक्रेटरी वॉचमनच्या खुर्चीवर चढले. बूट नवे होते. मला काही वाईट वाटलं नाही.

"मेल्यान ना?" मावशी म्हणाल्या. "मंग उचला."