चौथं पीस

थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानायचा सण, आला की आमच्या अमेरिकेतल्या शाळेत पहिलीच्या पोरांचं टर्की पक्ष्याचं चित्र ठरलेलं. कागदावर पंजा ठेवून भोवती रेघ ओढायची. अंगठा म्हणजे डोकं, बोटं म्हणजे पिसं. प्रत्येक पिसावर एकेक आभार लिहायचे.

पहिलीच्या हॉगनबाईंचा जन्म यातच गेला. आता गुडघे गेलेत, तरी पोरांच्या केसांतला डिंक पुसत दिवसभर उभ्याच.

"बसा की हो जरा!" शेजारच्या माझ्या वर्गातून मी खेकसले.

"बसले तर उठवायला तू येणार का?"

तरी आज त्या पोरांच्या बुटक्या खुर्चीत टेकल्याच. डोळेही मिटले.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या पोरांच्या टर्क्या भिंतीवर लावत होते. इंग्रिडच्या पिसांवर होतं: आई, कुत्रा, बर्फ. चौथ्यावर वेडंवाकडं लिहिलेलं: आज बाई बसल्या.