दोरी मधे कोणी धरली होती?

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी बी.एस्सी.ला आहे, घरातला पहिलाच कॉलेजला गेलेला. भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणतो... पण पूर्वीसारखं पटकन म्हणवत नाही.

आमचं गाव कवठे महांकाळजवळ. यंदा वडिलांनी मेंढरं विकली. तेव्हापासून आमचा कुत्रा, काबऱ्या, मेंढरांच्या रिकाम्या जागेवर बसून राहायचा, खायचा नाही. म्हणून मी त्याला साताऱ्याला माझ्या खोलीवर आणलं. पहिल्याच दिवशी दोरीला हिसका देऊन त्यानं घरमालकीण काकूंना पाडलं. घरमालक निवृत्त सुभेदार, आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते म्हणाले, "दोरीत नीट चालाय लागलं तर ऱ्हाईल. न्हाईतर गड्या, दोघं बी गावाची वाट धरा."

वडिलांना फोन केला तर ते हसले. "मेंढरामागचं कुत्रं दोरीनं चालवतुयास व्हय रं? उद्या त्येला कॉलेजात घालशील."

मी मोबाईलवर बघून शिकवत होतो – ओढलं की थांबायचं, दोरी सैल पडली की बिस्किट द्यायचं आणि पुढे निघायचं. काही उपयोग नव्हता. तो जन्मभर मोकळा फिरलेला. माझ्या तळहातावर दोरीचे वळ उठले.

मग एका सकाळी, एमआयडीसीकडच्या रस्त्यावर, ओढ एकदम थांबली. वाटलं, शिकला! खाली पाहिलं तर... दोरी माझ्या हातातून त्याच्या मानेकडे लोंबत नव्हती. मधेच वर उचलली गेली होती – आमच्या दोघांमध्ये कोणी चालावं आणि त्यानं ती बोटांत धरावी, तशी. काबऱ्या त्या रिकाम्या जागेला अंग लावून चालत होता आणि मान वर करून बघत होता. माझ्याकडे नाही. वारा असेल म्हणून मी थांबलो. तोही थांबला. दोरी तशीच राहिली.

पुढे साखळी लावून पाहिली. साखळी जड असते, वाऱ्यानं हलत नाही. तीही उचलली जायची.

मी कोणालाच बोललो नाही. रविवारी आबा म्हणाले, "आण हिकडं, मीच बघतो." दोरी त्यांच्या हातात देऊन मी मागून चालू लागलो, दोन्ही हात खिशात.

"लय ग्वाड चालतंय की," आबा मागे न बघता म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांचा जरा वैतागलेला आवाज आला, "आता सोड की रं मधनं. माज्या हातात ऱ्हाऊ दे."

"आबा, मी मागं हाय."

ते वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे. तिथूनच माघारी फिरले. दारात चपला काढताना एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे कुत्रं."

मला हवं होतं तेच झालं. काबऱ्या आता पोटभर खातो. दोरी उचलली जाण्याचं कारण मात्र मला सापडलेलं नाही, आणि आबांपुढे तो विषय काढायचं धाडस होत नाही. परीक्षा संपली की गावी जायचंय. काबऱ्याला बरोबर न्यायचं की इथंच ठेवायचं, ते ठरत नाही. तो आता नक्की कोणाचा आहे, हे मला कळत नाही.